जडवस्तू क्रमांक एकशेचौदा

एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन दहिफळे भाऊसाहेब माझ्या टेबलापाशी उभे होते.

"नंबर कुठं टाकू?" त्यांनी तनवीरला विचारलं.

"कशावर, काका?"

"तुमच्या त्या क्लाऊडवर."

तनवीर हसला. नवी प्रणाली बसवायला कंपनीकडून आलेला तरुण माणूस, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी हसले नाही. तीन वर्षं त्या हापिसात काढली होती मी. दहिफळे कामात गंमत करत नाहीत हे मला ठाऊक होतं.

"काका, तो इथं नसतो. लांब कुठंतरी मोठमोठी मशिनं असतात. आपण इथून टाइप करायचं, माहिती तिकडं साठते. छत्तीसही जिल्ह्यांची एकत्र."

"लांब म्हणजे? कोणत्या तालुक्यात?"

"तालुक्यात नाही हो. मुंबईत असेल, नागपुरात असेल. दोन्हीकडंही असेल."

"एकच वस्तू दोन्हीकडं?" दहिफळेंनी ब्रश डब्यात ठेवला. "हे बघ बाळा, मला सही करायचीय 'वस्तू मिळाली' म्हणून. वस्तू दाखव. मी नंबर टाकतो, सही करतो, तू घरी जा."

सरकारी हापिसात आलेल्या प्रत्येक वस्तूला जडवस्तू नोंदवहीत जागा मिळते. खुर्ची, पंखा, कपाट, माठाची तिवई. प्रत्येकीच्या अंगावर पांढऱ्या रंगानं नंबर. दर मार्चअखेर दहिफळे ती वही घेऊन फिरायचे, नंबर वाचायचे, वस्तूला बोट लावायचे आणि मगच वहीत टिक करायचे. बोट लागल्याशिवाय टिक नाही. मी त्या वहीत नव्हते, मी कंत्राटी होते. माझ्या खुर्चीला मात्र नंबर होता.

आमच्या हापिसाचं नाव निराधार व्यक्ती शोध कक्ष. नाव मोठं, माणसं तीन. लोमटे मॅडम अधिकारी, दहिफळे भाऊसाहेब हेडक्लार्क, मी टाइप करणारी. एसटी स्टँडवर, देवळात, रस्त्यावर सापडलेली, स्वतःचं नाव-गाव सांगता न येणारी माणसं निवारागृहांत ठेवलेली असतात, त्यांची यादी आम्ही ठेवायचो. आमच्या जिल्ह्याची आमच्याकडं, शेजारच्या जिल्ह्याची शेजाऱ्याकडं. हरवलेला माणूस चालत चालत जिल्ह्याची हद्द ओलांडून गेला की तो आमच्यापुरता मेला.

आणि माझा भाऊ चालत गेला होता.

गहिनीनाथ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आम्ही वडार. जातं, पाटा, वरवंटा घडवून विकणारे. गहिनाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणंही आलं नाही. शाळेत त्याला कुणी घेतलं नाही. डाव्या हाताची करंगळी बाराव्या वर्षी घणाखाली गेली. २०११च्या चैत्रात आम्ही जत्रेला पाटे घेऊन गेलो. गर्दी पांगली तेव्हा पाटे होते, गहिना नव्हता. एकतीस वर्षांचा बाप्या. आई त्या जत्रेच्या रस्त्याला दोन महिने बसून राहिली. पाऊस लागला तेव्हा उठली आणि मला म्हणाली, "तू लिहिती-वाचती हाईस. आता तू शोध."

माझं लिहिणं-वाचणं म्हणजे सातवी. पुढचं रद्दीतल्या कागदांवरून शिकले, टायपिंग दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारून शिकले. या कक्षात जागा निघाली तेव्हा अर्ज केला. मी तिथं पगारासाठी लागले नव्हते. पहिल्याच दिवशी सगळी यादी वाचून काढली. गहिना नव्हता. मग पस्तीस जिल्ह्यांना पत्रं पाठवली. नऊंचं उत्तर आलं. 'सदर नावाची व्यक्ती या कार्यालयाच्या यादीत नाही.' अरे, ज्याला बोलता येत नाही तो नाव कसं सांगेल? मी करंगळीचं लिहिलं होतं, मूकबधिर लिहिलं होतं. तेवढं वाचायला वेळ कुणाला? नाव बघायचं आणि फाइल मिटायची.

म्हणून तनवीर पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यात नाव न टाकता नुसतं 'करंगळी' टाइप केलं तर?"

"ज्याच्या नोंदीत करंगळी लिहिलंय तो समोर येईल."

"कुठल्याही जिल्ह्यातला?"

"जो जिल्हा जोडलेला असेल तिथला. आणि बघणारं हापिस पण जोडलेलं पाहिजे. तुम्ही जोडले गेलात की बाकीचे दिसतील."

"किती वेळात?"

"टाइप करायला जेवढा लागेल तेवढा, ताई."

मी त्याला पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यानं विचारलं, "कोण आहे तुमचं?" मी सांगितलं. तो फक्त "डावी ना?" म्हणाला आणि कामाला लागला.

काम दहिफळेंच्या सहीशी अडलं. वरून आदेश होता, मॅडमची तयारी होती, बाकीचे जिल्हे एकेक जोडले जात होते. आमच्याकडं फाइल फिरत होती. तिच्यावर दहिफळेंच्या सुवाच्य अक्षरात शेरे. 'सदर वस्तू कोठे ठेवणार?' 'खोलीस कुलूप आहे काय?' 'वस्तू मोडकळीस आल्यास निर्लेखन कोण करणार?' कंपनीनं उत्तर पाठवलं की ही वस्तू नाही, सेवा आहे. दहिफळेंनी खाली लिहिलं, 'वस्तू नसल्यास वस्तू मिळाल्याची सही कशी करावी, याचा खुलासा व्हावा.' जून गेला, जुलै गेला.

एकदा चहा पिताना मी सरळ विचारलं, "भाऊसाहेब, तुमचं नेमकं दुखणं काय?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "मी आधीच्या हापिसात होतो तेव्हा एक पाण्याचा कूलर होता. नंबर अडुसष्ट. दुरुस्तीला दिला. दुकानदार दुकान गुंडाळून पळाला. तपासणीला साहेब आले, म्हणाले कूलर दाखवा. मी म्हणालो, आहे साहेब, बाहेर आहे. ते म्हणाले, बाहेर म्हणजे कुठं?" त्यांनी चहा संपवला. "अकरा महिने निलंबित होतो, सोजर. पोरीची सोयरीक मोडली. कूलर चोर म्हणायचे मला गल्लीत. आता हा पोरगा म्हणतो, आहे, पण बाहेर आहे. मी हे वाक्य एकदा बोललोय."

मला त्यांची दया आली. आणि दया येताच डोक्यात एक कल्पना आली. आज वाटतं, त्या दिवशी त्यांना दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तनवीरला फोन केला. "माणसाला वस्तू पाहिजे ना? मग द्या त्याला वस्तू."

"म्हणजे?"

"काहीतरी डबा आणा. माहिती साठणारा. जड पाहिजे. त्यावर क्लाऊड म्हणून चिकटवा. ते नंबर टाकतील, सही करतील. मग तुम्ही मागून वायर जोडा."

"ताई, हे खोटं होईल."

"तीन महिने खऱ्यानं काय झालं, तनवीरभाऊ?"

आठ दिवसांनी तो कंपनीच्या गोदामात पडलेला एक काळा लोखंडी डबा घेऊन आला. आत माहिती साठायची खरी, पण डब्यातली डब्यातच. वर छापील चिठ्ठी, 'क्लाऊड'.

दहिफळेंनी तो दोन्ही हातांनी उचलला. "वजन आहे," म्हणाले. आणि मी त्या हापिसात पहिल्यांदा त्यांना मोकळं हसताना पाहिलं. फुंकर मारून धूळ उडवली, फडक्यानं पुसला, जिभेचं टोक बाहेर काढून डब्याच्या कपाळावर नंबर लिहिला. एकशेचौदा. रंग वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग फाइल मागवून सही केली.

खंडेनवमी जवळ आली होती. आमच्याकडं त्या दिवशी हापिसातल्या यंत्रांची पूजा असते. टायपिंगचं जुनं यंत्र, प्रिंटर, दहिफळेंची सायकलसुद्धा. त्या वर्षी मधोमध एकशेचौदा होता. झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, समोर नारळ. लोमटे मॅडम रेशमी साडी नेसून आल्या, त्यांनीच नारळ वाढवला.

"धोत्रे, फोटो काढ गं. डब्यावरचं नाव दिसलं पाहिजे."

मी काढला. माझ्या मनात एकच, की दसरा झाला की वायर. आईला सांगून टाकलं होतं मी. आई म्हणाली, "यंत्रात घावंल?" मी म्हटलं, "घावंल." तिनं गहिनाचा सदरा पेटीतून काढून धुतला.

मॅडमनी तो फोटो जोडून त्याच दिवशी वर अहवाल पाठवला. 'प्रणाली कार्यान्वित करण्यात आली आहे.'

दसऱ्यानंतर तनवीर वायर घेऊन आला. दहिफळे डब्यासमोर उभे राहिले.

"ही कशाला?"

"बाहेर जोडायला, काका. त्याशिवाय दुसरे जिल्हे दिसणार नाहीत."

"बाहेर?" त्यांचा आवाजच बदलला. "आतली माहिती बाहेर जाणार?"

"तेच तर काम आहे त्याचं."

"एकशेचौदा नंबरची वस्तू माझ्या ताब्यात आहे. आत जे आहे ते पण माझ्या ताब्यात. इमारतीबाहेर काय न्यायचं तर पास लागतो. साहेबांची सही लागते. वायरीतून गेलेल्याला मी कसला पास देऊ?"

"भाऊसाहेब," मी मध्ये पडले, "डबा कुठं जात नाही. डबा इथंच राहणार."

"मग राहू दे की. चाललंय ना चांगलं?"

मी त्यांचे हात धरले. खरंच धरले. "माझा भाऊ आहे हो त्याच्यात."

"तुझा भाऊ यात कसा असेल, पोरी? यात आपल्याच जिल्ह्याचे आहेत. तूच तर टाइप केलेत."

बरोबरच बोलत होते ते. चारशे बारा माणसं मी स्वतः त्या डब्यात टाइप केली होती. 'करंगळी' शोधलं की एक म्हातारी यायची, जिला मी तीन वर्षांपासून ओळखत होते.

मी मॅडमकडं गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

"धोत्रे, काम पूर्ण झाल्याचा अहवाल माझ्या सहीनं गेलाय. आता मी जोडणी मागितली तर वरून विचारतील, मग पूर्ण काय झालं होतं?"

"मग खरं सांगा ना, मॅडम. डबा मी आणायला लावला म्हणून सांगा. मला काढून टाका."

"तुला काढून काय होणार? तू कागदावर आहेस कुठं?" त्यांनी चष्मा काढला. "डब्याची पूजा केलेला फोटो मीच पाठवलाय, बाई. दोन वर्षं राहिलीत माझी. जरा थांब. नवीन साहेब येतील, ते करतील."

जरा थांब. सरकारला माणसाचं आयुष्य किती लांब वाटतं कोण जाणे.

तनवीरचं आमच्याकडचं काम कागदोपत्री संपलं होतं, कंपनीनं त्याला दुसरीकडं धाडलं. रोज संध्याकाळी दहिफळे एकशेचौदा उचलून लोखंडी कपाटात ठेवायचे आणि कुलूप ओढून बघायचे. रोज सकाळी काढायचे. मी रोज टाइप करायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी तनवीरचा फोन आला. तो शेजारच्या जिल्ह्याच्या कक्षात मशिन दुरुस्तीला गेला होता.

"ताई, बसलात का?"

"बोला."

"इथल्या बाईंनी चालतंय का बघायला सांगितलं. काय टाइप करावं सुचेना, म्हणून मी 'करंगळी' टाकलं. एक आहे. पुरुष. मूकबधिर. डाव्या हाताची करंगळी नाही. इथल्याच निवारागृहात २०१३ला दाखल. नाव लिहिलंय रविवार."

मी समोरच्या कागदावर 'रविवार' लिहून घेतलं.

"ताई, हे लोक ऑगस्टपासून जोडलेले आहेत. तुमचं तेवढं राहिलं."

आईला मी नेलं नाही. बरं केलं की वाईट, अजून कळत नाही. सदरा मात्र घेतला. पहाटेची एसटी, अडीच तास. अडीच तासांवर होता माझा भाऊ, आणि मी पस्तीस जिल्ह्यांना पत्रं लिहीत होते.

निवारागृहाचे अधीक्षक रजेवर होते. कोंडाबाई नावाची सांभाळणारी मावशी होती, साठीची, पदर खोचलेली. मी मोबाइलवरचा गहिनाचा फोटो पुढं केला.

"ह्यो? ह्यो तर रविवार! पोलिसांनी रविवारी आणून सोडला म्हणून आम्ही आपलं रविवार म्हणायचो. तुमी कोण त्याच्या?"

"बहीण. कुठंय?"

तिचा हात पदराकडं गेला. "गेला की, बाई."

"गेला म्हणजे?"

"न्हाई न्हाई, तसं न्हाई. निघून गेला. भिंतीवरनं. दिवाळी झाल्यावर. थांबा, लिवलंय." तिनं नोंदवही उघडून बोट ठेवलं. वीस नोव्हेंबर. "आमी हुडकला. चौकीत कळवलं. कॉम्पुटरात लिवायचं साहेबाकडून ऱ्हायलं असंल."

खंडेनवमी दहा ऑक्टोबरला होती. मी बोटांवर मोजलं. एक्केचाळीस दिवस. आणि डबा माझ्या डोक्यातून निघाला होता.

"तीन वर्षं गेला नाही," मी विचारलं, "मग तेव्हाच का?"

कोंडाबाई ओट्यावर बसली, मलाही बसवलं. "खरं सांगू का? दिवाळीच्या आसपास हितल्या चौघांना न्यायला त्यांची माणसं आली. त्या नव्या कॉम्पुटरात घावली म्हणं. कुणी सातारचं, कुणी पार चंद्रपूरचं. गळ्यात पडायची, रडायची, पेढे वाटायची. रविवार समद्यांच्या येळंला दारात उभा राहून बघायचा. आलेल्या परत्येक माणसाच्या मागं अजून कोण हाय का बघायचा. चवथा गेला त्या राती जेवला न्हाई. सकाळी अंथरूण मोकळं."

ती बोलत राहिली, बोलल्यानं मला बरं वाटेल असं तिला वाटत असावं.

"मानूस लई गुणाचा. पाणी भरायचा, म्हाताऱ्यांना उचलून उन्हात बसवायचा. तरास एकच, नाकाचा."

"नाकाचा?"

"रोज सकाळी गेटापशी जायचा अन् अशी डावी नाकपुडी धरायचा, दोन बोटांनी." तिनं स्वतःच्या नाकाला लावून दाखवलं. "धरायचा अन् रस्त्याकडं बघून हात हलवायचा. पुन्ना धरायचा. डाक्टर म्हनले जुनी सर्दी हाय, वास सहन होत न्हाई. थेंब दिले. मीच टाकायचे. टाकू द्यायचा न्हाई वो, दोघीतिघींनी धरायला लागायचं. पन सोडले न्हाईत एक दिवस पन."

माझं नाक टोचलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. दिवसभर डावी नाकपुडी धरून भोकाड पसरत पालांमधून फिरले. गहिना हसून हसून मातीत लोळला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात नाकपुडीला दोन बोटं म्हणजे सोजर. आणि पुढं हात हलवला की, सोजर, ये.

"कशाची खूण व्हती का ती?" कोंडाबाईनं विचारलं. माझ्या नाकातल्या चमकीकडं ती बघत होती, आणि तिचा हात तोंडाशी गेला होता.

मी तिची नोंदवही ओढून घेतली. त्याच्या पानावर वरती रविवार, खाली दाखल तारीख, खाली 'मूकबधिर. डावी करंगळी नाही. जुनी सर्दी.' सरकारी नोंदीत खाडाखोड करणं गुन्हा आहे, हे मला दहिफळेंनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी 'रविवार' खोडून गहिनीनाथ लिहिलं. 'जुनी सर्दी'वर आडवी रेघ मारली.

बाजूला लिहिलं, 'सर्दी नाही. बहिणीला हाक मारतोय. कुठंही दिसला तर कळवा.' आणि माझा फोन नंबर.

त्यानंतरच्या आठ वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या, तीन फोन मोडले. नंबर मी बदललेला नाही.